इसोगाईंचा अंगठा

मी चार नंबर बोलतेय. फुयुमी ताकेझावा या जपानी टेनिसपटूच्या सहा रॅकेटींमधली चौथी. माझ्या मुठीच्या बुडाशी पांढऱ्या शाईने चारचा आकडा काढलेला आहे, तो आता अर्धा पुसला गेलाय. सध्या मी डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकनमधल्या एका मराठी घराच्या स्वयंपाकघरात, मागच्या दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली आहे. माझ्या एका बाजूला छत्री असते, दुसऱ्या बाजूला शिरीषचा पावसाळी कोट. त्या दोघांना जवळजवळ रोज काम असतं.

आम्ही सहा जणी एकाच साच्यातून निघालो. पण साचा एक असला तरी वजन एक नसतं. कुणी दोन ग्रॅमनी भारी, कुणी तीननी हलकी. इतरांना हा फरक कळत नाही. जिचं पोट या खेळावर आहे तिच्या मनगटाला तो कळतो. म्हणून २०१४ च्या मार्चमध्ये फुयुमी आम्हाला पाठीवर घेऊन गिफू शहरात इसोगाईंच्या दुकानात गेली.

इसोगाई रॅकेटना तारा घालायचे. दुकान एका शटरएवढं. फुयुमी नऊ वर्षांची असल्यापासून तिथे यायची. म्हाताऱ्याने डोळे मिटून मला हातात धरलं, हवेत दोनदा फिरवलं आणि कात्रीने शिशाच्या चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले. एक माझ्या डोक्याच्या आतल्या कडेला उजवीकडे लावला, एक डावीकडे. दुकानात काटा होता, पण त्यावर धूळ होती. "काट्याला ग्रॅम कळतात," ते म्हणाले, "पण चेंडू काट्यावर येऊन पडत नाही."

शेवटी त्यांनी दोन्ही पट्ट्यांवर अंगठा दाबून धरला. बराच वेळ. शिसं मऊ असतं. अंगठ्याच्या रेषा त्यात उमटल्या. त्या दिवसापासून मी कधी एकटी नव्हते.

धंदेवाईक टेनिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दिवे, गर्दी आणि करंडक येतात. फुयुमीचं टेनिस तसं नव्हतं. लहान गावं, लांबच्या बसगाड्या, हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतलेले कपडे, आणि सामन्याला खुर्च्यांवर माणसांपेक्षा टॉवेल जास्त. एका आठवड्यापुरती ती जगात एकशे एक्केचाळिसावी होती. मोठ्या स्पर्धांचा मुख्य दरवाजा तिच्यासाठी कधी उघडला नाही. आधी पात्रता फेरीचे तीन सामने जिंकावे लागत, आणि तिसरा ती नेहमी हरायची.

त्यातला एक सामना माझा आहे. २०१५ चा मे महिना, लाल मातीचं कोर्ट. शेवटच्या सेटमध्ये पाच-चार, चाळीस-तीस. एक गुण मिळाला असता तर दरवाजा उघडला असता. समोरचीचा चेंडू आखूड पडला, फुयुमी पुढे झाली आणि तिने बॅकहँड रेषेलगत सरळ मारला. माझ्या तारांना तो बरोबर मध्यावर लागला. इतका बरोबर, की मला वाटलं झालं. पंच खुर्चीवरून उतरले, चालत गेले, मातीतल्या खुणेपाशी वाकले आणि त्यांनी बोट वर केलं. चेंडू बाहेर होता. रेषा आणि खूण यांच्यामध्ये एका बोटाची जागा होती.

तो सेट सात-पाच गेला आणि सामना ती हरली. पुढे तिच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. एक नंबर रागाच्या भरात जमिनीवर आपटून मोडली, तीन नंबर विमानतळावर हरवली, सहा नंबर तिने एका शाळेला दिली. कंपनीने आमचा साचाही बंद केला. मला तिने सामन्यात परत फार वापरलं नाही, पण टाकलंही नाही. सगळीकडे बरोबर नेलं.

२०२० च्या मार्चमध्ये ती दोन, चार आणि पाच नंबर घेऊन डब्लिनला एका छोट्या स्पर्धेसाठी आली. अशा स्पर्धांत खेळाडूंना हॉटेल परवडत नाही, म्हणून क्लबच्या सभासदांच्या घरी त्यांची सोय करतात. या घरातल्या पद्मिनीने आपल्या मुलीच्या, वैदेहीच्या, क्लबात नाव दिलं होतं. पद्मिनी घरून सॉफ्टवेअरचं काम करते. तिचा नवरा शिरीष लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात मोजमापाचा इंजिनिअर आहे. दोघंही मूळचे नागपूरचे. फुयुमीला पाच दिवस ठेवून घ्यायचं ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी शाळा बंद झाल्या, स्पर्धा रद्द झाली, परतीचं विमानही रद्द झालं. खेळ पंधरा दिवसांत सुरू होईल असं म्हणत होते. दर पंधरा दिवसांनी तेच म्हणत होते. ती थांबली. इसोगाई फेब्रुवारीतच गेले होते आणि ती त्या वेळी दुसऱ्याच देशात खेळत होती, हे तिने या घरात कुणाला सांगितलं नाही. मला माहीत होतं. वरच्या खोलीत ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि आपला अंगठा त्या पट्टीवर अलगद ठेवायची. दाबायची नाही. रेषा पुसतील अशी तिला भीती होती.

मागच्या अंगणाच्या टोकाला सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत आहे. तिच्यावर तिने खडूने जाळ्याच्या उंचीची रेघ मारली आणि डाव्या कोपऱ्यात एक चौकोन काढला. रोज सकाळी सहाला ती मला घेऊन बाहेर पडायची. तीच उडी, तेच पाऊल, तोच बॅकहँड. ठक. थांबायची, चेंडू हातात फिरवायची, पुन्हा ठक. रोज शंभर. बाकी कुठला फटका नाही.

पद्मिनीने एकदा चहा देताना विचारलं, एकच फटका का? त्यांचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इतकी वर्षं कानावर सगळ्या भाषा पडल्यात, मी मराठीत सांगते. फुयुमीने तिला तो सामना सांगितला आणि बोटाची जागा दाखवली. पद्मिनी म्हणाली, "पाच वर्षं झाली गं त्याला." फुयुमी म्हणाली, "चेंडू अजून खाली पडला नाही."

सराव झाला की मुठीला बांधलेल्या जांभळ्या दोरीने ती मला दारापाशी टांगायची आणि जाता जाता एक टिचकी मारायची. मी बराच वेळ झुलत राहायचे. नऊ मेला वैदेहीचा बारावा वाढदिवस झाला. शिरीषने फोनवर त्याचं चित्रण केलं, तेव्हाही फुयुमी नुकतीच सराव करून आत आली होती आणि मी मागे झुलत होते. हे लक्षात ठेवा.

जुलैमध्ये ती गेली. मला मात्र खुंटीवर ठेवून गेली. पद्मिनीला म्हणाली, "चार नंबर इथेच राहू दे. ती बरोबर असली की मी एकच चेंडू खेळते."

त्यानंतर या घरात एक गोष्ट सुरू झाली. सकाळी सहाला 'ठक' असा आवाज यायचा. एकदाच. पद्मिनी जिन्यात थांबून विचारायची, "ऐकलंस?" शिरीष म्हणायचा, हीटिंगचे नळ तापतात. खरं म्हणजे तारा माझ्या होत्या. ऊब लागली की त्या सैलावतात आणि एखादा बारीक आवाज होतो. पण हीटिंग बंद असलेल्या सकाळीही तो यायचा. त्याचा खुलासा मला देता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये सगळं पुन्हा बंद झालं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पद्मिनीने हत्यारांची पूजा मांडली. तिचा लॅपटॉप, शिरीषचं व्हर्नियर, वैदेहीची कंपासपेटी. मग तिला मी दिसले. "तिचं हत्यार आपल्या घरात आहे," ती म्हणाली, "तर तिच्या वतीने आपण करू. शिरीष, पुसून दे जरा."

शिरीषचं पुसणं म्हणजे साधं पुसणं नव्हे. त्याच्या कारखान्यात धुळीचा कण म्हणजे गुन्हा. शिवाय ते वर्षच पुसण्याचं होतं. दुकानातून आणलेली दुधाची पिशवीसुद्धा तो पुसून आत घ्यायचा. त्याने धागे न सुटणारं फडकं घेतलं, स्पिरिट घेतलं, आणि एकाच दिशेने, वरून खाली, मला पुसायला लागला. आतल्या कडेला त्याला दोन करड्या पट्ट्या लागल्या. कडा उचकटलेल्या, खालचा गोंद काळा पडलेला. त्याला वाटलं, जुनी लेबलं असतील. त्याने नखाने एक सोलली, मग दुसरी. गोंदाचे डाग स्पिरिटने घासून काढले.

मी ओरडू शकले असते तर त्या दिवशी ओरडले असते.

मग मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं नाही म्हणून अंगणातली शेवंती वाहिली. पद्मिनीने हात जोडले. इसोगाईंचा अंगठा त्या वेळी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली होता. मंगळवारी गाडी आली आणि घेऊन गेली.

एखाद्या माणसाला आपला पाय गेल्यावरही पायाची बोटं दुखतात म्हणतात. मला ते पटतं. त्या दोन जागांवर कुणीतरी दाबतंय असं मला सतत वाटत राहिलं. अजून वाटतं.

फेब्रुवारीच्या एका रविवारी फुयुमीचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला होता. क्रमवारीत ती सहाशेच्या खाली घसरली होती. वय चौतीस. तिने काहीतरी ठरवलं होतं, ते तिने सावकाश सांगितलं. उन्हाळ्यात ती युरोपात येईल. ल्यूकनला येऊन चार नंबर हातात घेईल. ती पूर्वीसारखीच लागली, तर अजून एक वर्ष खेळेल. नाही लागली, तर तिथूनच टेनिस सोडल्याचं कळवून टाकेल. मग तिने इसोगाईंची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. शेवटी विचारलं, "त्यांच्या पट्ट्या आहेत ना तशाच?"

"अगदी तशाच," पद्मिनी म्हणाली. "आम्ही दसऱ्याला पूजासुद्धा केली तिची."

टेबलाच्या टोकाला शिरीष पोळी खात होता. त्याचा हात ताटातच राहिला.

कॉल संपल्यावर त्याने सांगितलं. पद्मिनी म्हणाली, "तिला आत्ता फोन लाव."

"लावून काय सांगू? तुझं वर्ष कचऱ्यात टाकलं?"

"हो. तसंच सांग."

"आधी मला ते परत करता येतं का बघू दे."

वैदेही जिन्यावर बसून ऐकत होती. ती तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली की एवढं काय त्यात, नवीन पट्टी लावली की 'ग्रँड', म्हणजे झालंच काम, तिला कळणारसुद्धा नाही. पद्मिनीने तिच्याकडे नुसतं बघितलं. वैदेही वर निघून गेली.

शिरीषने शिशाची पट्टी मागवली. पण किती लावायची? आधीचं वजन कुणी केलेलंच नव्हतं. इसोगाईंनी नाही, फुयुमीने नाही. शिरीष आयुष्यात एकदाही टेनिस खेळला नव्हता. तो मला हातात घेऊन उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि त्याला काहीही कळायचं नाही. मी त्याच्या मुठीत वळवळत होते. माझी मूठ दुसऱ्याच हाताने झिजलेली होती.

मार्चमध्ये त्याला तो वाढदिवस आठवला. फोनवरच्या चित्रणात सगळे गात होते, वैदेही मेणबत्त्या फुंकत होती, आणि मागे दाराशी मी झुलत होते. डोक्याकडे वजन जास्त असलं की माझा झोका जरा सावकाश होतो. शिरीषने ते अठरा सेकंद इतक्या वेळा बघितले की घरात ते गाणं नकोसं झालं. एकेक चित्र थांबवून त्याने माझे तेरा झोके मोजले. मग तीच दोरी, तीच खुंटी, फोन त्याच जागी ठेवून मला झुलवलं. मी लवकर झुलत होते. अठरा सेकंदांत दोन चित्रांचा फरक पडत होता, पापणी लवायलाही पुरणार नाही एवढा.

रोज संध्याकाळी कामावरून आला की तो तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा वाढवायचा, झुलवायचा, मोजायचा, वहीत लिहायचा. कधी जास्त व्हायचं, मग नखाने काढायचा. पद्मिनी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. एप्रिलच्या अखेरीस दोन्ही झोके जुळले. दोन्ही बाजूंना मिळून चार ग्रॅम. पट्टी पक्की बसावी म्हणून त्याने तिच्यावर अंगठा दाबला. मग लक्षात येऊन चटकन काढला. पण रेषा उमटायच्या त्या उमटल्या होत्या.

पद्मिनीने माझ्याकडे बघितलं. "आता तर सांगशील?"

"तिला एकदा खेळू दे. मग सांगतो."

"आणि ती 'तशीच आहे' म्हणाली, तर?"

त्याने वही मिटली.

चोवीस जुलै २०२१. ल्यूकनला कधी नव्हे ते ऊन तापलं होतं. त्याच आठवड्यात फुयुमीच्या देशात जगाचे मोठे खेळ सुरू झाले होते आणि ती या अंगणात उभी होती. ती बारीक झाली होती. खडूचा चौकोन पावसाने पुसला गेला होता. तिने नवा काढला नाही. कुठे होता ते तिला माहीत होतं.

तिने मला हातात घेतलं. पट्ट्यांकडे बघितलं नाही, सरळ मुठीवर बोटं बसवली. मला वाटलं आता हिला कळेल. पहिल्या फटक्याला कळेल.

ठक. ठक. ठक. दाराशी शिरीष, पद्मिनी आणि वैदेही उभे होते. मी मनात मोजत होते. एक्केचाळीस, बेचाळीस. प्रत्येक चेंडू त्या नसलेल्या चौकोनात जात होता. शंभरावा मारल्यावर ती थांबली, घाम पुसला आणि म्हणाली, "तीच आहे."

पद्मिनीने मान खाली घातली. वैदेहीच्या चेहऱ्यावर हसू आलं. शिरीष अंगणात पुढे आला.

"ती ती नाही," तो म्हणाला. "इसोगाईंच्या पट्ट्या मी काढल्या. मला कळलं नाही काय आहे ते. पुसून टाकलं."

त्याने सगळं सांगितलं. पूजा, स्पिरिट, कचऱ्याची गाडी, झोके. वही पुढे केली. तिने वही घेतली नाही. मला उलटं करून ती पट्ट्यांकडे बघत राहिली, ऊन तिरपं येऊन शिशावर पडेल इतका वेळ.

"हा अंगठा कुणाचा?"

"माझा. चुकून."

ती पायरीवर बसली. मला मांडीवर घेतलं, पूर्वीसारखंच. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं. मलाही. ती म्हणाली, "शिरीष-सान, मला वाटायचं, तो माणूस यात आहे म्हणून मी खेळू शकते. आज तो यात नव्हता आणि माझ्या हाताला कळलं नाही."

"सॉरी," शिरीष म्हणाला.

"नाही. ऐका." ती शब्द शोधत होती. "हाताला कळलं नाही, म्हणजे हे हातातलंच होतं. मग मी दोन नंबरनेही खेळू शकते. दुकानातून नवी आणली तरी खेळू शकते."

मी तिच्या मांडीवर होते. तिच्या बोलण्याचा अर्थ त्या चौघांच्याही आधी मला कळला.

ती उठली, आत आली आणि मला खुंटीला टांगलं. या वेळी टिचकी मारली नाही. उलट मी जरा हलले, तर तिने तळवा लावून मला थांबवलं. नव्या पट्टीवर तिने अंगठा ठेवला नाही. पद्मिनीने तिला रात्रीचं जेवण वाढलं, सगळे हसून बोलले, आणि दुसऱ्या दिवशी दोन आणि पाच नंबर तिच्या पाठीवर बसून गेल्या.

सप्टेंबरमध्ये ती एका छोट्या स्पर्धेत पात्रता फेरी खेळली. लाल माती होती. चित्र कुठे दिसत नव्हतं, वैदेहीच्या फोनवर नुसते आकडे बदलत होते. जेवता जेवता ती ते वाचून दाखवत होती. शेवटचा सेट. पाच-चार. मग चाळीस-तीस. शिरीषने पाण्याचा पेला खाली ठेवला. माझ्या तारा ताठ झाल्या.

आकडा बदलला. सहा-चार. "शी डन इट," वैदेही तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली. पद्मिनीने डोळे टिपले आणि शिरीषच्या ताटात पोळी वाढली.

ती जिंकली. पुढच्या फेरीत हरलीही, पण ते राहू दे. मला एवढंच जाणून घ्यायचंय, तो शेवटचा गुण कुठल्या फटक्याने मिळाला? तिने बॅकहँड सरळ मारला का? रेषेच्या आत पडला का? की समोरचीनेच जाळ्यात घातला? आकड्यांत ते दिसत नाही. तिने नंतर फोन केला तेव्हा कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. ज्या चेंडूची मी सहा वर्षं वाट बघितली, तो माझ्यावाचून खाली पडला आणि कुठे पडला ते मला माहीत नाही.

आता मी इथे आहे. शिरीष मला दर आठवड्याला फडक्याने पुसतो, कोरड्या, आणि पट्ट्यांच्या जागा सोडून. सकाळी सहाला अजून आवाज येतो. पद्मिनी आता विचारत नाही, जिन्यात नुसती थांबते.

माझं एक मागणं आहे. मला पूजेत बसवू नका, भिंतीची शोभा करू नका. एखाद्या सकाळी मला खाली घ्या आणि अंगणात न्या. खेळता येत नसलं तरी चालेल. चेंडू कुंपणाबाहेर, शेजारच्यांच्या अंगणात, कुठेही जाऊ दे. फक्त तो जमिनीवर पडेल तेव्हा मला तिथे असू द्या, आणि कुठे पडला ते कुणीतरी मोठ्याने सांगा.